दारातून पाणी येतंय? सिलिकॉनची नळी आणायच्या आधी हे वाचा

पावसाळा सुरू झाला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो, "चांगला वॉटरप्रूफिंगवाला आहे का कोणाकडे, बाल्कनीच्या दारातून पाणी येतंय", मग खाली चार नंबर येतात, त्यातला एक जण येतो, दाराभोवती पांढरं सिलिकॉन मारतो, पैसे घेऊन जातो आणि पुढच्या जोराच्या पावसात पाणी परत हॉलमध्ये. कधीकधी तर आधीपेक्षा जास्त. हे का होतं, गळती घरच्या घरी कशी शोधायची, काय आपलं आपण होतं आणि कशाला माणूस लागतो ते सगळं एकदा सविस्तर लिहितोय. फ्लॅटचं मेन डोअर लॉबीत असतं त्यामुळे त्याचा फारसा प्रश्न नसतो, इथे विषय आहे बाल्कनीचं स्लायडिंग, ड्राय बाल्कनीचं दार, टेरेसचं दार आणि रो हाऊस किंवा बंगला असेल तर पुढचं-मागचं दार.

आधी नुसतं बघा

पाणी जिथे दिसतं तिथूनच ते शिरलेलं असतं असं नाही, उलट बहुतेक वेळा नसतंच. वरच्या छज्ज्याच्या चिरेतून शिरलेलं पाणी चौकटीच्या मागून मागून उतरत उंबऱ्यापाशी बाहेर येतं आणि आपण उंबऱ्याला शिव्या घालत बसतो. म्हणून एकदोन पाऊस नुसते बघण्यात घालवा आणि फोनमध्ये लिहून ठेवा: पाऊस कधी सुरू झाला, पाणी कधी दिसलं, वारा होता का, कुठल्या कोपऱ्यात आधी दिसलं.

त्यातून बरंच कळतं. पाऊस सुरू झाल्यावर पाचदहा मिनिटांत आत थेंब आले तर सरळ फट आहे, दार नीट बसत नाही किंवा रबर गेलंय. दोनतीन तास पाऊस लागून राहिल्यावर ओल यायला लागली आणि पाऊस थांबल्यावरही येतच राहिली तर भिंत किंवा प्लास्टर पाणी पिऊन बसलंय. आणि एकदम भसकन पाणी आत आलं तर बाहेर पाणी तुंबलंय, दाराचा काही दोष नाही.

वाऱ्याची दिशाही बघा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिमेकडे तोंड असलेल्या बाल्कन्यांना मार जास्त, त्यातून पुण्यात बावधन, पाषाण, सूस या बाजूला डोंगरामुळे पाऊसही शहराच्या मध्यापेक्षा जास्त असतो. पण वळीव आणि परतीचा पाऊस हे वेगळं प्रकरण, तो वादळी पाऊस कुठूनही झोडपतो. पूर्वेचं दार जुलैभर ठणठणीत कोरडं आणि ऑक्टोबरच्या एका संध्याकाळी सोफ्याखाली तळं, असं होतं ते त्यामुळेच. तुमच्याकडे असं असेल तर फट बारीक आहे आणि वाऱ्याचा जोर असला तरच पाणी आत ढकललं जातंय एवढं समजून चाला.

आणि हो, पाणी पावसाचंच आहे ना हेही बघा. माझ्या बहिणीकडे सिंहगड रोडला ड्राय बाल्कनीच्या दाराची चौकट खालून काळी पडत होती, पावसाळ्यात तिकडे कोणी खास लक्ष दिलं नाही पण जानेवारीतही ती ओलीच होती म्हणून शेवटी मशीन लावून तिथेच उभे राहिलो, तर वॉशिंग मशीनचं पाणी सुटलं की नाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या पाणी जायच्या खड्ड्यात, कपड्यांचे तंतू अडकल्यामुळे पाणी वर यायचं, चौकटीच्या पायाला लागायचं आणि मग सावकाश उतरायचं. जाळी काढून ट्रॅप साफ केला, खर्च शून्य. एसीचा ड्रेन पाइप, वरच्या मजल्यावरच्या कुंड्यांचं पाणी, रोज बाल्कनी धुणाऱ्या मावशींची बादली, हे सगळे संशयित आहेत.

पाणी मारून टेस्ट

ही टेस्ट मे महिन्यात करायची, कारण नंतर सगळं ओलं असल्यावर काहीच कळत नाही आणि सीलंटही (फट बुजवायचं सिलिकॉन वगैरे) नीट बसत नाही. मृग लागतो ७ जूनच्या आसपास, त्याच्या आधी सगळं उरकलेलं बरं.

दोन माणसं लागतात, एक बाहेर पाणी मारायला आणि एक आत टॉर्च घेऊन. आतला भाग आधी कोरडा पुसून घ्या आणि उंबऱ्याच्या किंवा ट्रॅकच्या आतल्या कडेला लागून रांगोळीची बारीक रेघ ओढा. कोरडी रांगोळी, हातात धरून सोडतो तशीच. पाण्याचा थेंब जिथून आत येईल तिथे रेघ लगेच गडद होते आणि मग वाहून जाते, त्यामुळे पाणी नेमकं कुठून आलं ते डोळ्यांना दिसतं, नाहीतर फरशीवर पसरलेल्या पाण्यावरून काही पत्ता लागत नाही. रांगोळी नसेल तर खडूची जाड रेघ चालेल.

आता बाहेरून पाणी मारायचं ते खालून वर. हे महत्त्वाचं आहे, कारण वरून सुरुवात केली तर पाणी ओघळून सगळंच भिजतं आणि कोणत्या जागेतून शिरलं ते कळत नाही. पहिल्यांदा फक्त उंबरा आणि खालचा ट्रॅक, पाच मिनिटं. आत काही नाही? मग दोन्ही बाजूंच्या उभ्या कडा, एकेक करून, प्रत्येकी पाच मिनिटं. मग वरची कड. मग वरची भिंत आणि छज्जा. जिथे आतला माणूस ओरडेल तिथे थांबा, तिथली जागा मास्किंग टेपने झाकून परत तिथेच पाणी मारा, आता आलं नाही तर चोर सापडला. पाइपला प्रेशरचा नोझल लावू नका, पाऊस तसा पडत नाही आणि गळती नसलेल्या ठिकाणीही पाणी शिरतं. मे महिन्यात पाणीकपात असतेच, पाइप लावून अर्धा तास पाणी सोडलं तर शेजारचे काका खाली येऊन विचारणार, म्हणून कुंड्यांना पाणी घालायची झारी वापरा, झारीचा पाऊस या कामाला उत्तम आहे आणि दोनतीन बादल्यांत भागतं.

पाणी न वापरता करायच्या दोन टेस्ट आहेत. रात्री आतले दिवे घालवायचे, बाहेरच्या माणसाने दाराच्या कडेकडेने टॉर्च फिरवायचा, आत उजेडाची रेघ दिसली तिथे फट. दुसरी, वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार बंद करा आणि पट्टी ओढा, ती अडकली पाहिजे, सहज सरकून आली तर तिथे रबर दाबलं जात नाहीये. दार सगळीकडून असं तपासा, कडीपाशी घट्ट आणि वरच्या-खालच्या कोपऱ्यात सैल असं बऱ्याचदा सापडतं.

एक सावधगिरी. दाराशेजारी स्विचबोर्ड असतोच, त्या भिंतीला ओल असेल तर टेस्टच्या आधी त्या भागाचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा स्विच, बंद करा. आणि वरच्या मजल्यावर राहत असाल तर बाल्कनीच्या बाहेर वाकून भिंतीवर पाणी मारायचं धाडस नको, ते झुल्यावर उतरणाऱ्या लोकांचं काम आहे.

स्लायडिंग: पाण्याला बाहेरचा रस्ता हवा

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये सगळ्यात जास्त तक्रार याचीच. हे आधी डोक्यात पक्कं करा की स्लायडिंगच्या ट्रॅकमध्ये पावसाचं पाणी येणारच, ते येऊ नये अशी त्याची रचनाच नाही. ट्रॅकमध्ये आलेलं पाणी बाहेर काढून द्यायला खालच्या पट्टीत बारीक भोकं किंवा चिरा ठेवलेल्या असतात, त्यांना वीप होल म्हणतात. ती बुजली की ट्रॅक भरतो, भरला की आतल्या कडेवरून सांडतो.

आणि ती बुजतात कशाने? धूळ, केस, कबुतरांची पिसं आणि शिट, मच्छरजाळीच्या ट्रॅकमध्ये साठलेला गाळ, रंगकाम करताना पडलेली पुट्टी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सिलिकॉन. गळती थांबवायला आलेला माणूस बाहेरच्या बाजूने खालची कड आडवी सलग बुजवून टाकतो, त्यात ही भोकंही जातात, आणि मग ट्रॅक म्हणजे नुसती पन्हळ होते जिला तोंडच नाही. आधीपेक्षा जास्त पाणी येतं ते यामुळे.

तपासायला सोपं आहे. दार पूर्ण उघडा, ट्रॅक ब्रशने आणि व्हॅक्यूमने साफ करा, मग एक मग पाणी ट्रॅकमध्ये ओता आणि बाहेरून बघा. पाणी लगेच बाहेर पडायला लागलं पाहिजे आणि मिनिटभरात ट्रॅक जवळपास रिकामा झाला पाहिजे. नाही झाला तर बाहेरच्या बाजूला भोकं शोधा, पातळ तार किंवा केबल टाय आत घालून फिरवा, वरून परत पाणी. भोकांवर सिलिकॉन असेल तर कटरने कापून काढा. भोकंच नसतील, हो असंही असतं, स्वस्तात काम केलेल्या ठिकाणी फॅब्रिकेटरने (ॲल्युमिनियमची दारं-खिडक्या बनवणाऱ्याने) पाडलेलीच नसतात, तर त्याला बोलावून पाडून घ्या, दहा मिनिटांचं ड्रिलिंग आहे. पण भोकं बाहेरच्या बाजूलाच उघडली पाहिजेत, खाली आरपार पाडली तर पाणी ट्रॅकखालच्या सिमेंटमध्ये जाईल आणि तुमचा त्रास खालच्या मजल्यावरच्यांना.

भोकं साफ असूनही वाऱ्याच्या पावसात पाणी आत येतं, तर ट्रॅकच्या आतल्या कडेची उंची मोजा. वारा पाण्याला मागे रेटतो, आणि हिशेब केला तर १० मिमी उंचीचं पाणी थोपवून धरायला ताशी साधारण ४५ किमीचा वारा पुरतो, २५ मिमीला तोच आकडा ७० किमीच्या पुढे जातो. म्हणजे वरच्या मजल्यावर, समोर मोकळं मैदान किंवा टेकडी असेल आणि आतली कड बोटाच्या जाडीएवढीसुद्धा नसेल तर वादळी पावसात पाणी येणारच, तिथे सीलंटचा काही उपयोग नाही. आतल्या कडेवर जास्त उंचीची ॲल्युमिनियमची पट्टी बसवता येते का ते फॅब्रिकेटरला विचारा, नाहीतर बाहेर छज्जा वाढवणं किंवा पावसाळी पडदा एवढेच मार्ग.

बाकी बारीकसारीक: पल्ल्याच्या कडेला जो केसाळ ब्रश असतो तो चारपाच वर्षांत झिजतो, बसून चपटा होतो, तो मीटरवर मिळतो आणि जुना ओढून नवा सरकवता येतो. व्हील झिजली की पल्ला खाली बसतो आणि वर फट पडते, बहुतेक पल्ल्यांना खाली कडेला स्क्रू असतो तो फिरवून पल्ला उचलता येतो. ट्रॅकच्या कोपऱ्यात दोन पट्ट्या जिथे जुळतात तिथली जोडही बघा, तिथून पाणी गुपचूप भिंतीत जातं, तिथे मात्र आतून चिमूटभर सिलिकॉन लावलेलं चालतं.

आणि एक गोष्ट जी रिनोव्हेशनवाले कधी सांगत नाहीत. बाल्कनीत जुन्या टाइलवर नवी टाइल बसवली की बाल्कनीची लेव्हल वर येते. बिल्डरने बाल्कनी आतल्या फरशीपेक्षा इंचभर तरी खाली ठेवलेली असते ती पावसासाठीच, टाइलवर टाइल झाली की ती इंचभर खोली गेली आणि वीप होलसुद्धा टाइलच्या मागे गाडली गेली. हॉल आणि बाल्कनी एका लेव्हलला छान दिसतात हे खरं, पण पहिल्या पावसात कळतं. त्यावर इलाज म्हणजे दारापुढे जाळी लावलेली अरुंद नाली काढून ती बाल्कनीच्या पाइपला जोडायची, किंवा टाइल काढायची. टाइल नव्याने घालतच असाल तर उतार मीटरला १० मिमी तरी पाइपकडे हवा, मिस्त्रीला हे सांगून सोडून देऊ नका, गोटी ठेवून बघा, कुठे घरंगळते ते.

लाकडी दार

रो हाऊस आणि जुन्या बंगल्यांत हे. लाकडी दाराचं पाणी बहुतेक तीन जागांतून येतं: दाराच्या खालून, दार आणि चौकटीच्या मधून, चौकट आणि भिंतीच्या मधून.

खालून येतंय तर आधी दार उतरवून त्याची खालची कड बघा. पावसाळ्यात दार फुगलं, घासायला लागलं की सुतार रंधा मारतो किंवा खालून करवतीने पट्टी कापतो आणि दार परत टांगून जातो, कापलेली कड तशीच उघडी. लाकूड आडवं कापलं की तिथून पाणी फडक्यासारखं शोषतं, पुढच्या वर्षी अजून फुगतं, परत रंधा, असं करत करत फ्लश डोअरच्या खालच्या प्लायचे पापुद्रे सुटतात. बोटाने खालून चाचपलं तर पुस्तकाच्या पानांसारखे थर हाताला लागतात. म्हणून दार सुकलेलं असताना, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, खालची आणि वरची कड प्रायमर आणि वर ऑइल पेंटचे दोन हात देऊन बंद करा. रंगारी ही कड कधीच रंगवत नाही कारण ती दिसत नाही, त्यामुळे समोर उभं राहून करून घ्या. दार नवीन करायचं असेल तर बाहेरच्या दाराला साधं कमर्शियल प्लाय नको, बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणारी ग्रेड मागा, मरीन प्लायवर आयएस ७१० लिहिलेलं असतं.

मग दाराच्या बाहेरच्या अंगाला, अगदी खाली, तिरकी पट्टी बसवा, लाकडाची किंवा ॲल्युमिनियमची, जेणेकरून दारावरून ओघळणारं पाणी उंबऱ्याच्या पुढे पडेल. तिच्या खाली रबराची पाती असलेली मिळते ती घ्या. फोमची चिकटपट्टी घेऊ नका, ती स्वस्त आहे पण पाणी धरून ठेवते आणि एका पावसाळ्यात लोंबायला लागते. चौकटीला जी खाच असते, सुतार तिला पताम म्हणतात, तिथे ईपीडीएम (ऊन-पावसात टिकणाऱ्या) रबराची डी आकाराची पट्टी आतून तीन बाजूंना लावा. लावल्यावर कागदाची टेस्ट परत करा. दार सैलच वाटत असेल तर आधी बिजागऱ्या बघा, वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झाले की दार पुढच्या कोपऱ्यात उतरतं आणि कितीही रबर लावलं तरी वरची फट राहते. भोकं मोठी झाली असतील तर काडेपेटीच्या काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून आत ठोका, सुकू द्या, मग स्क्रू कसा.

चौकटीचे पाय स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा, खालची वीतभर. टणक लागलं तर ठीक, आत घुसलं तर कुजलंय किंवा वाळवी आहे आणि तिथे लांबी (पुट्टी) भरून वरून रंग मारणं म्हणजे निव्वळ फसवणूक, तेवढा तुकडा कापून नवीन लाकूड जोडावं लागतं, आणि जोडताना लाकडाचं टोक थेट फरशीला टेकवू नका, खाली ग्रॅनाइटचा तुकडा द्या.

उंबरा बाहेरच्या बाजूला उतरता पाहिजे. बऱ्याच ठिकाणी तो सपाट असतो आणि काही ठिकाणी चक्क आत उतरलेला, लेव्हल बॉटल ठेवून बघा. हल्ली स्वच्छ दिसावं म्हणून आणि रोबोट व्हॅक्यूम फिरावा म्हणून उंबरेच काढून टाकतात, आजी असती तर काय म्हणाली असती ते सोडा, पण पावसाला अडवणारी ती एकच गोष्ट होती.

आता सीलंट

चौकट आणि भिंत यांच्या मधली फट हीच सीलंटची खरी जागा, कारण लाकूड किंवा ॲल्युमिनियम उन्हाळ्यात-पावसाळ्यात कमीजास्त होतं आणि प्लास्टर तेवढं होत नाही, त्यामुळे तिथे चीर पडतेच. म्हणूनच तिथे व्हाइट सिमेंट, पीओपी किंवा एम-सील भरून काही होत नाही, कडक वस्तू परत तडकते. लवचीक पाहिजे.

काय घ्यायचं? ॲल्युमिनियम, काच, यूपीव्हीसी असेल तर न्यूट्रल सिलिकॉन. दुकानदार पहिल्यांदा देतो ते स्वस्तवालं, उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास येतो, ते सिमेंटवर नीट धरत नाही आणि धातूला खातं, ते ठेवा फिश टँकला. लाकूड आणि प्लास्टरच्या मध्ये पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट चांगलं, त्यावर रंगही लागतो, सिलिकॉनवर रंग धरत नाही. मार्बल किंवा ग्रॅनाइटला लागून काम असेल तर दगडावर डाग न पाडणारं आहे का ते विचारा, नाहीतर कडेने तेलकट काळपट पट्टा उठतो तो जात नाही.

पद्धत अशी. जुनं सगळं काढायचं, सगळं म्हणजे सगळं, कारण जुन्या सिलिकॉनवर नवं चिकटत नाही. कटरने दोन्ही कडांनी चीर द्या, ओढून काढा, उरलेलं स्क्रेपरने खरवडा, धूळ ब्रशने झाडा, धातूवर स्पिरिटचा बोळा फिरवा. फट कोरडी पाहिजे, हात लावून गार लागत असेल तर अजून थांबा. फट खोल असेल तर आधी फोमची गोल दोरी, बॅकर रॉड, आत दाबून बसवा. हिचं काम फक्त सीलंट वाचवणं नाही, सीलंट दोन बाजूंनाच चिकटून मागून मोकळं राहिलं तरच ते ताणलं जातं, तिन्ही बाजूंना चिकटलं की फाटतं. १० मिमी फटीला ५-६ मिमी जाडी पुरते. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, नळीचं तोंड तिरकं कापा, गन एका वेगाने सरकवा, मधे थांबू नका, लगेच साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट एकदाच फिरवा आणि साय धरायच्या आत टेप काढा. मग दिवसभर तरी पाण्यापासून लांब, जाड थर असेल तर तीनचार दिवस, कारण ते आतपर्यंत रोज दोनतीन मिमीच मुरतं.

आणि काम बाहेरून करायचं. आतून बुजवलं तर पाणी बाहेरून चौकटीमागे शिरणारच आहे, फक्त तुम्हाला दिसणार नाही, ते चौकट कुजवेल आणि स्विचबोर्डापाशी निघेल. बाहेरून वर आणि दोन्ही उभ्या बाजू सलग, खालची बाजू मात्र मधेमधे मोकळी सोडा, जे काही चुकून आत गेलंय त्याला बाहेर पडायला.

डोक्यावर बघायला विसरू नका

दारावरचा छज्जा खालून बघा. पुढच्या कडेपासून इंचभर आत एक खाच असायला हवी, ड्रिप मोल्ड, तिच्यामुळे पागोळी बाहेरच्या बाहेर पडते. रंगाचे थर बसून ही खाच भरून जाते, किंवा मुळातच नसते, आणि मग पाणी छज्ज्याच्या पोटाला चिकटून मागे भिंतीकडे येतं आणि दारावरून उतरतं. खाच भरली असेल तर खरवडून काढा, नसेल तर ॲल्युमिनियम किंवा पीव्हीसीची एल पट्टी पुढच्या कडेला खालून सीलंटने चिकटवा, चिल्लर खर्चात बराच फरक पडतो. छज्ज्याच्या वर आणि भिंतीच्या कोपऱ्यात चीर असेल तर ती व्ही आकारात उघडून पॉलिमर घातलेल्या सिमेंटच्या मसाल्याने भरायची, केसासारख्या बारीक चिरांना क्रॅक फिलर आणि वरून बाहेरचा रंग.

टेरेसच्या दाराचं गणित अजून सोपं, तिथे दोष दाराचा कमी आणि पाइपाच्या तोंडावरच्या पाल्याचा जास्त. गुलमोहर किंवा पिंपळ जवळ असेल तर एका रात्रीत जाळी बंद होते, टेरेसवर चार बोटं पाणी साठतं आणि उंबऱ्यावरून जिन्यात उतरतं. जाळी साफ ठेवा, सपाट जाळीऐवजी घुमटीसारखी उभी जाळी लावा. उंबरा टेरेसच्या लेव्हलपेक्षा चारसहा इंच वर पाहिजे, नव्याने कोबा घालताना हीच उंची कमी होते, तेव्हा कंत्राटदाराशी आधीच बोलून घ्या.

भर पावसात काय

जुलैत लक्षात आलं तर कायमचं काम तेव्हा करू नका, ओल्यावर काही टिकत नाही. वीप होल साफ करणं, रबर बदलणं, कडी कसणं, पाइपाची जाळी काढणं हे केव्हाही करता येतं. बाकीच्यासाठी तात्पुरतं, कोरडं पुसून बाहेरून ब्यूटिल टेप (चिकट रबरी पट्टी) मारा, किंवा वरून ताडपत्रीचा पडदा सोडा, खाली वजन बांधून. श्रावणात चारपाच दिवसांचं ऊन मिळालं तर छोटी फट तेवढ्यात उरकता येते.

खर्च कोणाचा

गळती बाहेरच्या भिंतीतून, छज्ज्यातून किंवा सामायिक पाइपातून असेल तर ते काम सोसायटीचं. हाउसिंग सोसायट्यांच्या मॉडेल बायलॉजमध्ये (आदर्श उपविधींमध्ये) पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त करायच्या यादीत आहे, त्यामुळे कमिटीला लेखी अर्ज द्या, तोंडी सांगितलेलं एजीएमपर्यंत (वार्षिक सभेपर्यंत) कोणाच्या लक्षात राहत नाही. दाराचं रबर, व्हील, तुम्ही केलेली टाइलवर टाइल, हे अर्थातच तुमच्याकडे.

फ्लॅट नवीन असेल तर रेरा कायदा २०१६ चं कलम १४(३) बघा, पझेशनपासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष कळवला तर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. कळवायचं ईमेलने, आणि सोबत पाऊस चालू असतानाचा व्हिडिओ, ज्यात बाहेरचा पाऊस आणि आतलं पाणी एकाच शॉटमध्ये दिसतंय, कारण साइट इंजिनिअर येतो तो नेमका कडक उन्हात आणि चौकटीवर हात फिरवून म्हणतो, "कुठे आहे सर लिकेज?"